जाऊन येतें

कनका राव नक्की काय काम करते, हे तिच्या घरमालकिणीला शेवटपर्यंत कळलं नाही. चेन्नईतल्या वेळच्चेरीच्या त्या मामींनी एकदा विचारलं, तेव्हा ही म्हणाली, "लाइन लावायचं काम." झालं! मामींनी धरून ठेवलं की बाई टेलिफोन खात्यात आहे. तेव्हापासून त्या हॉलमधला मुका पडलेला फोन दाखवून रोज गाऱ्हाणं घालायच्या, आणि ही बया मान डोलावून "बघते हं" म्हणायची. खोटं नाही आणि खरंही नाही. कनकाचं सगळं असंच होतं. अर्धी इथं आणि अर्धी भलतीकडंच कुठं तरी.

काम तसं सांगायला सोपं होतं. ही गोष्ट दोन हजार सात-आठ सालची. ओल्ड महाबलीपुरम रोडवर इमारती भराभर उभ्या राहत होत्या, पण तारा काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या. मग लोक मोबाइलच्या टॉवरवरूनच घरच्या संगणकाला इंटरनेट द्यायचे. त्यासाठी बोटभर लांबीचं डेटा कार्ड मिळायचं. ते संगणकात खोचलं की पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात एक हिरवं बटण असायचं, कनेक्ट. लोक ते बटण दाबायचे, आणि लाइन लागली नाही की बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्या बटणाच्या मागं आमची कनका होती. म्हणजे तिनं लिहिलेला प्रोग्रॅम होता. तो कार्डाला झोपेतून उठवायचा, टॉवर ऐकू येतोय का विचारायचा, #777 हा नंबर फिरवायचा, नाव आणि पासवर्ड सांगायचा, आणि पलीकडून होकार येईपर्यंत गप उभा राहायचा. होकार आला की लाइन लागायची आणि बटण लाल व्हायचं. माणसं खूश होऊन आपापल्या कामाला लागायची, आणि बटणाच्या मागं कुणी तरी आहे हे विसरून जायची.

कनकाला त्याचं काही वाटायचं नाही. पेरुंगुडीच्या तिच्या कचेरीची मागची खिडकी पळ्ळिकरणईच्या दलदलीकडं उघडायची. एका अंगाला शहराचा कचरा धुमसायचा, दुसऱ्या अंगाला उथळ पाण्यात पक्षी एका पायावर उभे असायचे. संध्याकाळी धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलं की पलीकडच्या इमारती पाण्यातून वर आल्यासारख्या दिसायच्या. कनका हातात कॉफीचा पेला घेऊन तिथं उभी राहायची आणि तिला वाटायचं, या घटकेला कुठल्याशा खोलीत कुणीसं हिरवं बटण दाबलं असेल. एक दोरा हवेत निघाला असेल, टॉवरवरून टॉवरवर, दलदलीवरून, पक्ष्यांच्या डोक्यावरून. दिसत नाही म्हणून काय झालं? तिला तो दिसायचा. कॉफी निवून जायची, पण ही हलायची नाही.

"ओ कनकाबाई, उतरा खाली," रत्नाकर मागून ओरडायचा.

रत्नाकर हा तिच्या शेजारच्या खुर्चीतला माणूस. मूळचा नाशिकचा, चेन्नईत येऊन त्याला दोन उन्हाळे झाले होते आणि दोन्ही उन्हाळ्यांत त्यानं हे शहर सोडायची शपथ घेतली होती. अख्ख्या कचेरीत मराठी बोलणारी ही दोनच माणसं, आणि दोघांची मराठी दोन गावची. कनका तंजावरकडची. तिच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला तो तंजावरला राज्य करायला आलेल्या मराठी राजांच्या मागोमाग, कितीतरी पिढ्यांपूर्वी, आणि तेव्हाची भाषा तशीच डब्यात घालून आणली. अधूनमधून तमिळ मुरलं, एवढंच. ती नाकात बोलायची. "करतें", "जेवतें", "अहे".

"तुझ्या बोलण्यातले अनुस्वार गोळा केले तर परडीभर होतील," रत्नाकर म्हणायचा.

"तुला देतें की. तुमच्याकडे संपले म्हणे," कनका म्हणायची.

पण तो सगळ्यात जास्त हसायचा ते संध्याकाळी. निघताना कनका पर्स खांद्याला लावायची, दारापाशी वळायची आणि म्हणायची, "जाऊन येतें."

"आम्ही नुसतं 'येतो' म्हणतो. तुम्ही जायचंही सांगता, यायचंही सांगता. सगळा हिशोब चोख!"

"नुसतं 'जातें' म्हणूं नये," कनका म्हणायची. "आत्या रागावते."

ही आत्या म्हणजे कनकाच्या आयुष्यातलं एकमेव मोठं माणूस. कनका लहान असताना आई गेली. वडील रेल्वेत गार्ड, आज इरोडला तर उद्या विळुप्पुरमला. पोरीला सांभाळणार कोण? मग तुळजाआत्यानं तिला तंजावरला नेलं आणि स्वतःच्या मुलाच्या, काशिनाथच्या, ताटाशेजारी तिचं ताट मांडलं. आत्या प्रेमळ होती म्हणावं तर तोंडानं फटकळ. लाड नाहीत, गोंजारणं नाही. पण घरातून निघताना एक नियम होता आणि तो देवालाही चुकवता आला नसता.

एकदा शाळेला उशीर झाला म्हणून कनका उंबऱ्यावरूनच ओरडली, "जातें गं!" आत्या स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं पोरीची वेणी धरली आणि सरळ आत ओढली. पाटावर बसवलं. हातात पाण्याचा पेला दिला. सगळं पाणी पिऊन होईपर्यंत उठू दिलं नाही. मग म्हणाली, "आतां म्हण."

"जाऊन येतें," कनका रडत म्हणाली.

"जाऊन ये गं, कनके. लौकर ये."

हे उत्तर ठरलेलं होतं. शाळेला जाताना, परीक्षेला जाताना, पुढं कॉलेजसाठी त्रिचीच्या गाडीत बसताना, आणि चेन्नईला नोकरीवर आली त्या दिवशी. एकीनं म्हणायचं, दुसरीनं निरोप द्यायचा, मगच पाय बाहेर. आत्यानं कनकाला कधी जवळ घेतलं नाही. पण "कनके" असं ती ज्या सुरात म्हणायची, त्यात सगळं येऊन जायचं. कनकाला तेवढं पुरत होतं, खरंच पुरत होतं.

आणि मग आत्या विसरायला लागली.

आधी किल्ल्या विसरली, मग वार विसरली, मग शेजारीण. दोन नवरात्रांपूर्वी कनका सुट्टी काढून तंजावरला गेली. दारात पिशवी टेकवली आणि "आलें आत्या" म्हणून वाकून नमस्कार केला. आत्यानं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "कोण?"

कनकाच्या काळजात चर्र झालं. काशिनाथ म्हणाला, "अम्मा, ही कनका." आत्या "असेल" म्हणाली. तीन दिवस कनका तिला वाढत होती, वेणी घालून देत होती, आणि आत्या तिला 'तुम्ही' म्हणत होती. एखाद्या पाहुणीशी बोलावं तसं बोलत होती. निघायच्या सकाळी कनका उंबऱ्यावर उभी राहिली. सवयीनं तोंडातून गेलं, "जाऊन येतें."

आणि भिंतीला टेकून बसलेल्या आत्यानं मान वर केली. "जाऊन ये गं, कनके. लौकर ये."

कनका बसस्टँडपर्यंत रडत गेली. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, पण निरोपाची ती एक जागा शाबूत होती आणि तिच्यात कनकाचं नाव होतं.

तुम्ही म्हणाल, मग त्या बाईनं दर महिन्याला जायला नको होतं का? जायला हवं होतं. पण दारात पिशवी टेकवल्यावर येणारा तो "कोण?" तिला पुन्हा ऐकवत नव्हता. कधी कामाचं निमित्त झालं, कधी तब्येतीचं. "पुढच्या महिन्यात येतें" हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं की तिला स्वतःलाही ते खरं वाटायचं.

फोन करावा तर आत्याला कानाशी धरलेल्या फोनमधलं काही ऐकू येत नसे. "या डब्याला तोंड कुठं अहे?" म्हणून ती तो खाली ठेवून द्यायची. मग कनकानं कचेरीनं मोडीत काढलेला एक संगणक घेतला, त्याला मोठे स्पीकर लावले, छोटा कॅमेरा लावला, आणि काशिनाथबरोबर तंजावरला पाठवून दिला. तिथं घराच्या मागं नुकताच टॉवर उभा राहिला होता. डेटा कार्ड अर्थातच कनकाच्या कंपनीचं. दिवेलागणीला काशिनाथ दुकानातून कॉफीला घरी यायचा, हिरवं बटण दाबायचा, आईला खुर्चीत बसवायचा आणि पुन्हा दुकानात जायचा. इकडं पेरुंगुडीत कनका कानाला हेडफोन लावून बसलेली असायची.

चित्र म्हणाल तर नावाला. पोस्टाच्या तिकिटाएवढी आत्या, आणि तीही थांबत थांबत हलायची. आता मान इकडं, मग एकदम तिकडं, मधलं सगळं वाटेत सांडलेलं. पण आवाज यायचा.

"कोण?"

"मी, आत्या. कनका."

"असेल. जेवलां कां तुम्ही?"

"जेवलें. तूं?"

"आम्ही काय, रसम भात."

रोज हेच. कनका पावसाचं बोलायची, पक्ष्यांचं बोलायची, आणि आत्या सभ्यपणे हं हं करायची. मग कनका एक मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "जाऊन येतें, आत्या."

"जाऊन ये गं, कनके. लौकर ये."

ते ऐकलं की कनकाचा जीव भांड्यात पडायचा. ती संगणक बंद करायची, पर्स उचलायची, आणि शेअर ऑटोत कोंबून बसलेल्या माणसांत एकटीच हसत घरी जायची. दिवसभराचं सगळं त्या एका हाकेसाठी होतं. ती हाक मिळाली की दिवस कारणी लागला.

घोडं अडलं ते टॉवरपाशी. संध्याकाळी सगळं तंजावर त्याच टॉवरला लोंबकळायचं. लाइन तुटायची. कधी सुरुवातीला, कधी मध्यावर. आणि तुटली की पडद्यावर इंग्रजीतून प्रश्न यायचा, पुन्हा जोडायचं का? तो प्रश्न कनकानंच लिहिलेला. आत्या त्याच्याकडं बघत बसायची, आणि काशिनाथ दुकानात. बटण दाबणार कोण?

एका संध्याकाळी कनका म्हणाली, "जाऊन..." आणि लाइन तुटली.

तोंड उघडंच राहिलं. हेडफोनमध्ये नुसती शांतता. तिनं तिकडं लावायचा प्रयत्न केला, पण पलीकडची लाइनच गेलेली, घंटी वाजणार कुठं? आत्याच्या कानावर फक्त "जाऊन" पडलं, "येतें" वाटेतच राहिलं. कनका घरी गेली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर "आत्या" म्हणायच्या आतच तुटली. त्या दिवशी ती रत्नाकरवर विनाकारण खेकसली आणि मग टेबलावर डोकं ठेवून मुसमुसली.

"काय झालं?" तो घाबरला.

"तीन दिवस मला कुणी नावानं हाक मारली नाही," कनका म्हणाली.

"मी मारतो की! कनकाबाई!"

"तूं गप बैस."

पण बटणाच्या मागं बसणारी बाई ती. तिला एवढं कळलं की बटणच नको. लाइन माणसानं लावायची कशाला, प्रोग्रॅमनं लावावी. तिनं आत्यासाठी एक वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं दिवेलागण. खिडकी नाही, प्रश्न नाही, कनेक्ट नाही. दिवेलागणीची वेळ झाली की तो आपणहून कार्डाला उठवणार, #777 फिरवणार, आत जाणार आणि पेरुंगुडीच्या संगणकावर घंटी वाजवणार. वाटेत लाइन तुटली तर कुणाला काही न विचारता पुन्हा लावणार. पुन्हा तुटली, पुन्हा लावणार. घंटी वाजत असताना पडद्यावर कनकाचा फोटो दिसणार, म्हणजे आत्याला वाटायला नको की समोर कुणीच नाही. लिहिताना कनकाला वाटत होतं की ती संगणकाला नव्हे, एखाद्या शहाण्या पोरीला समजावून सांगत्ये: बाई गं, धीर सोडूं नकोस, ती सुटली तरी तूं धरून ठेव.

तो प्रोग्रॅम तिनं रत्नाकरला तपासायला दिला नाही. घरचं काम होतं. घरचं काम कोण कुणाला तपासायला देतं?

काशिनाथनं तो तिकडं चढवला आणि गाडी रुळावर आली. लाइन तुटायची, थोडा वेळ फोटो दिसायचा, घंटी वाजायची आणि आत्या पुन्हा समोर. "कोण?" म्हणायची, पण ते चालेल. शेवटी "जाऊन येतें" पुरतं पोचायचं आणि "कनके" पुरतं परत यायचं. मग कनका निरोपाचं बटण दाबायची, पलीकडच्या प्रोग्रॅमला निरोप पोचायचा, तो लाइन सोडून द्यायचा. ही झटक्यात आपला संगणक बंद करून ऑटो गाठायची. पाऊस आला, गेला. दलदल भरली. कनकाच्या अंगावर थोडं मांस चढलं, आणि मामी म्हणाल्या, "टेलिफोन खात्यात बढती झाली वाटतं."

मग मार्गशीर्षातली ती संध्याकाळ.

त्या दिवशी दलदलीत रोहित पक्षी उतरले होते. सगळी कचेरी खिडकीला चिकटली होती. पाण्यावर नुसता गुलाबी धूर पसरल्यासारखा, आणि तो धूर मधूनच चालायचा. कनकानं आत्याशी बोलणं संपवलं, हाक ऐकली, निरोपाचं बटण दाबलं आणि संगणक तसाच चालू ठेवून खिडकीशी गेली. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिला वाटत होतं, हे पक्षी कुणाला तरी सांगून आले असतील, जाऊन येतो म्हणून.

"अगं, तुझा संगणक वाजतोय," रत्नाकर म्हणाला.

"माझा कशाला वाजेल? माझं बोलणं झालं."

"केव्हापासून वाजतोय! बघ तर."

कनका परतली. खरंच घंटी वाजत होती. तंजावरहून. काही झालं की काय आत्याला? तिनं हेडफोन चढवला. तिकिटाएवढी आत्या पडद्यावर आली, तशीच खुर्चीत, हात मांडीवर. मग ती पुढं वाकली आणि तिचं तोंड उजळलं.

"आलीस, कनके?"

"कोण?" नाही, "तुम्ही" नाही. आधीच, येतानाच, नाव!

"ये. उभी कां? बस," आत्या म्हणाली. "मी म्हटलें की काशीला. जाऊन येतें म्हणाली अहे, येईल. तो हसतो मला."

तेवढ्यात चित्रात काशिनाथचा खांदा आला. दुकान लवकर बंद करून घरी आला होता. "काय गं, आज उचललास?" तो म्हणाला. "रोज वाजून वाजून थकतो हा. तू निघालीस की लगेच तुझा फोटो येतो आणि घंटी सुरू होते. अम्मा हलत नाही. म्हणते, येणार आहे ती. मी दुकान बंद करून येतो तेव्हा वायर काढतो आणि उठवतो तिला."

"रोज?" कनकानं विचारलं.

"रोज. मला वाटलं, तूच तसं करून ठेवलं आहेस."

होय, तिनंच करून ठेवलं होतं. हे तिला तिथल्या तिथं उमगलं. लाइन गेली की पुन्हा लाव, एवढंच तिनं प्रोग्रॅमला शिकवलं होतं. तुटलेली लाइन आणि निरोप घेऊन सोडलेली लाइन यांतला फरक शिकवायचा राहून गेला होता. त्या शहाण्या पोरीला दोन्ही सारखंच. रोज निरोप झाला की ती लाइन सोडायची, आणि अगं बाई, लाइन गेली, म्हणून पुन्हा लावायची. रोज घंटी वाजत होती. इकडं संगणक बंद, कनका ऑटोत हसत बसलेली, आणि तिकडं आत्या तिच्या फोटोसमोर वाट बघत बसलेली. पाऊसभर.

कनका रडली. हेडफोनसकट, सगळ्यांच्या देखत, खिडकीतले पक्षी सोडून लोक तिच्याकडं बघायला लागले तरी रडली.

"रडतेस कां? भूक लागली?" आत्यानं विचारलं.

"नाही आत्या."

"मग बस."

कनका बसली. काय बोलली, काय नाही, तिला नंतर आठवेना. आत्यानं तिला केसांना तेल लावत नाहीस म्हणून झापलं, चक्क झापलं, आणि कनकाला ते ऐकतच राहावंसं वाटलं. मग आत्या पुन्हा जरा अंधुक झाली, "तुम्ही जेवलां कां?" म्हणाली. कनकानं डोळे पुसले आणि म्हटलं, "जाऊन येतें, आत्या."

"जाऊन ये गं, कनके. लौकर ये."

लाइन सुटली. कनका जागची हलली नाही. दलदलीवरचा गुलाबी रंग राखाडी होत चालला होता. घंटी वाजली. तिनं उचललं.

"आलीस, कनके?"

"आलें, आत्या."

त्या संध्याकाळी हे किती वेळा झालं, ते रत्नाकरनं मोजलं नाही. तो नुसता शेजारी बसून होता. जाऊन येतें, जाऊन ये, घंटी, आलीस? आलें. बाहेर पक्षी दिसेनासे झाले, पाणी तेवढं उजळ राहिलं. मधे कधी तरी कनका हसायलाही लागली. अंगणात उंबऱ्याच्या आतबाहेर उड्या मारणाऱ्या पोरीसारखी ती जात होती आणि येत होती, जात होती आणि येत होती, आणि आत्या दर वेळी तितक्याच आनंदानं तिला घरात घेत होती.

शेवटी काशिनाथनं आईला जेवायला उठवलं. रत्नाकर घसा खाकरून म्हणाला, "कनका, हे अगदी साधं आहे. आपण स्वतः लाइन सोडली असेल तर पुन्हा लावू नकोस, एवढं एका ओळीत सांगायचं. मी करून देऊ?"

"आत्तां नको."

"अगं, पण उद्या पुन्हा वाजेल."

"वाजूं दे," कनका पर्स उचलत म्हणाली. "उद्यां मी इथं नाही."

दारापाशी ती वळली, पण तिनं काही म्हणायच्या आधीच रत्नाकर म्हणाला, "जाऊन ये गं, कनके." हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं कोयंबेडूच्या बसस्टँडवरून तंजावरची बस धरली. दिवसभर खिडकीशी बसून शेतं बघितली, टॉवर बघितले. "कोण?" ऐकायची तयारी ती मैलामैलाला करत होती आणि मैलामैलाला ती मोडत होती. बस रखडली, आणि घराच्या गल्लीत शिरेपर्यंत दिवे लागले.

बाहेरूनच घंटी ऐकू आली. दिवेलागण प्रोग्रॅम आपलं काम करत होता. चेन्नईत उचलायला कुणी नव्हतं, पण प्रोग्रॅमला कुठं ठाऊक? तो लावत होता, पुन्हा लावत होता. दार उघडंच होतं. देवापुढं समई होती आणि कोपऱ्यात तो मोडीतला संगणक. पडद्यावर कनकाचा जुना फोटो आणि त्याच्यासमोर, खुर्चीत ताठ, हात मांडीवर, आत्या. मागून तिचा अंबाडा एवढासा झालेला दिसत होता. ती फोटोवरची नजर काढत नव्हती. कनका उंबऱ्यावर उभी राहून ते बघत राहिली. रोज हे असं चाललं होतं.

पिशवी टेकवल्याचा आवाज झाला, तशी आत्यानं मान वळवली. दारातल्या बाईकडं पाहिलं, मग पडद्यावरच्या बाईकडं, मग पुन्हा दारात.

"कोण?"

या वेळी कनकाच्या काळजात चर्र झालं नाही. ती आत आली, खुर्चीशी खाली बसली, आणि इतके दिवस अर्धंच राहिलेलं वाक्य पुरं करत म्हणाली, "मी, आत्या. जाऊन आलें."

आत्यानं तिच्या केसांना हात लावून बघितला. तेल नव्हतं.

"मग इतका वेळ कां लागला गं, कनके?"